लॅबमध्ये नवी ओएस टाकताय ना, मग आम्हा दुकानदारांना बोलावू नका

प्रति,
सांगली-मिरज आणि जवळपासच्या कॉलेजांचे प्राचार्य, कॉम्प्युटर डिपार्टमेंटचे एचओडी, खरेदी समितीतले सर आणि मॅडम, आणि लॅब असिस्टंट मंडळी (तुमचं नाव असल्या पत्रात कोण घालत नाही म्हणून मुद्दाम घातलंय, सगळं शेवटी तुमच्याच गळ्यात येणार आहे).

नमस्कार.

मी विश्रामबागेत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवतो. हे कोटेशन नाही, आधीच सांगतो. उलट कोटेशन मागू नका हे सांगायला लिहितोय. घरात कळलं तर म्हणतील चालून आलेला धंदा घालवायला निघालाय, पण राहवेना म्हणून लिहितो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून कॉलेजांचे फोन येतायत आणि सगळ्यांचं बोलणं एकाच साच्यातलं, "लॅबमधल्या मशिनला नवीन ओएस मारायचीय, सुट्टीत येऊन उरकून टाका, पर मशीन किती घेता ते बोला." (ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मशीन ज्याच्यावर चालतं ते विंडोज, नाहीतर त्याच्याऐवजी फुकट मिळणारं लिनक्स.) गणपतीच्या आधी भिंतीला रंग मारून घ्यावा तसं. पोरं सुट्टीवरनं आली की लॅब नवीन, बिल पास, झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम बाहेरच्या माणसाकडनं, गुपचूप, सुट्टीत करून घेऊ नका. तुमच्याच पोरांकडनं, तुमच्या लॅब असिस्टंटला पुढं घालून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करा. का आणि कसं ते आता सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी परिस्थिती काय आहे ती बघू, कारण फोनवर बोलताना मला दोन्ही टोकाचे लोक भेटतात. काहींना वाटतं विंडोज १० आता चालूच होणार नाही, काहींना वाटतं काय फरक पडतो, चाललंय तसं चालू दे. तर मशीन पूर्वीसारखंच चालू होतंय, फक्त मायक्रोसॉफ्टकडनं सिक्युरिटीचे फुकट अपडेट थांबलेत, म्हणजे इथनं पुढं जे भोक सापडेल ते उघडंच राहणार. घरात एकट्याचं मशीन असेल तर माणूस सांभाळून वापरेल एखादवेळेस. लॅबमध्ये तसं नाही ना, दिवसभरात एकाच मशिनवर तीन-चार बॅच बसतात, प्रत्येकाचा पेन ड्राइव्ह वेगळा आणि प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी कुठल्यातरी झेरॉक्सवाल्याकडं जाऊन आलेला. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागतात तो व्हायरस अजून जिवंत आहे बघा, प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात माझ्या काउंटरवर पोरं रडकुंडीला येऊन उभी असतात, सर सगळ्या फाइली गेल्या. गेलेल्या नसतात बहुतेक वेळा, हिडन झालेल्या असतात. मी पेन ड्राइव्ह लिनक्सवर लावतो, फाइली दिसतात, पोरगं खूश.

आता विंडोज ११. त्याला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडी असेल तर रायझन २००० सिरीज किंवा पुढचा, शिवाय टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप), सिक्युअर बूट जमणारं यूईएफआय (नव्या जातीचं बायोस), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. रॅम आणि हार्ड डिस्कचं जमवता येतं, प्रोसेसर कुठनं आणणार? डेस्कटॉपला आठवं जनरेशन आलंच २०१७ च्या शेवटी, म्हणजे त्याआधीची तुमची सगळी खरेदी बाद. आणि आपल्याकडच्या लॅब कशावर चालल्यात ते मला चांगलं माहितीय, चौथ्या जनरेशनचे आय-थ्री, सहाव्याचे थोडे, आणि काही ठिकाणी मागच्या रांगेत अजून कोअर टू ड्युओ गरगरतायत.

मग आमच्यासारखे दुकानदार काय करतात, तर चेकिंग काढून टाकलेला पेन ड्राइव्ह बनवतात आणि विंडोज ११ जबरदस्तीनं बसवतात. बसतं पण. पण मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगितलंय की असल्या मशिनला अपडेट मिळतीलच याची खात्री नाही, मग ज्या कारणासाठी सगळा खटाटोप केला तेच गेलं की हातातनं. आणि २४एच२ नंबरच्या व्हर्जनपासून कोअर टू ड्युओवर ते बूटच होत नाही, त्याला लागणारी एक इन्स्ट्रक्शन त्या प्रोसेसरमध्ये नाहीच, तिथं कुठलीच युक्ती चालत नाही.

आणि लायसन्स? इथं सगळे गप बसतात. तुमचं डेडस्टॉक रजिस्टर उघडा आणि जुनी बिलं काढून बघा, कितीतरी मशिनच्या बिलावर डॉस नाहीतर उबंटू (फुकटचं लिनक्स) लिहिलेलं सापडेल, कारण तेवढ्यानं कोटेशन खाली येतं. मग त्यावर विंडोज आलं कुठनं? अ‍ॅक्टिव्हेटर चालवून. लायसन्सचं चेकिंग चुकवणारा तो प्रोग्रॅम चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, म्हणजे चोराला किल्ली देऊन वर वॉचमनला चहाला पाठवायचं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब मध्ये माहीत असून सॉफ्टवेअरची बेकायदा कॉपी वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. घाबरवायला सांगत नाही, आजवर कुणी धरलं नाही हे मलाही दिसतंय. पण भिंतीवर सायबर सिक्युरिटी जागरूकता सप्ताहाचं बॅनर आणि खाली क्रॅक केलेली मशिनं, हे पोरांना दिसतं हो, ती वेडी नाहीत.

एक सरळ मार्ग आहे तो पण सांगून ठेवतो, कारण तो कुठला दुकानदार सांगणार नाही, त्यात आमचं काही सुटत नाही. शिक्षणसंस्थांसाठी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे जादा सिक्युरिटी अपडेट लई स्वस्त ठेवलेत, मशीनमागं पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. कंपन्यांना याचेच पहिल्या वर्षी ६१ डॉलर पडतात. अट एवढीच की खालचं विंडोज ओरिजिनल पाहिजे आणि व्हर्जन २२एच२ पाहिजे. ज्या लॅबला विंडोजशिवाय भागतच नाही त्यांनी हे करा, पुढं त्यावर बोलतो.

बाकीच्या लॅबला लिनक्स टाका. मी काय लिनक्सचा भक्त नाही, टी-शर्ट घालून फिरणारा, दुकानात रोज दोन्ही बघतो. पण चौथ्या जनरेशनच्या आय-थ्रीवर मिंटचं (मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार) एक्सएफसीई हे हलकं व्हर्जन आणि हार्ड डिस्कच्या जागी एक एसएसडी, एवढ्यावर ते मशीन असं पळतं की लॅब असिस्टंट विचारतात नवीन घेतलं का. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर आधारलंय आणि २०२९ पर्यंत त्याला अपडेट आहेत. २ जीबी रॅमवर सुद्धा चालतं, ४ असली तर बरं, ब्राउझर उघडला की २ कमीच पडते. पायथन, जावा, जीसीसी (सी चा कंपायलर), मारियाडीबी, आर, लिबरऑफिस सगळं फुकट आणि एका जागेवरनं बसतं, त्या डाउनलोडच्या साइटवर हिरवी बटणं शोधत बसायला नको. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून यावरच शिकवतायत, शाळेतली पोरं तिथं वापरतात तर आपल्या बीसीएच्या पोरांना काय अवघड आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो.

जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात (नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील) हे सगळं झालं. निर्णय चांगला होता, लिनक्स टाकायचं ठरलं, सुट्टीत बाहेरचा माणूस बोलावला, त्यानं झटपट सगळ्या मशिनवर टाकलं, काम पण वाईट नव्हतं. पासवर्ड त्यानं ठेवला, पोरांनी काही बिघडवू नये म्हणून, आणि नंतर तो नोकरी लागून पुण्याला गेला. सुट्टी संपली, पोरं आली, प्रोजेक्टरला पडदा अर्धाच दिसतोय, मराठी टायपिंग कुठं आहे कुणाला माहीत नाही, सी च्या तासाला टर्बो (सी शिकवायचं जुनं सॉफ्टवेअर) नाही. लॅब असिस्टंट फोन करतोय, पलीकडं फोन उचलत नाहीत. त्या बिचाऱ्याला एक सॉफ्टवेअर टाकायची सोय नाही कारण पासवर्डच नाही. मग प्रॅक्टिकल परीक्षा आली, एक्स्टर्नल आले, आरडाओरडा झाला आणि रातोरात कुणालातरी बोलावून परत क्रॅकवालं विंडोज मारलं सगळीकडं. आता त्या स्टाफरूममध्ये लिनक्स म्हटलं की लोक असे बघतात जसं काय तुम्ही भाऊबंदकीतल्या माणसाचं नाव काढलं.

सिस्टिममध्ये खोट नव्हती, टाकणाऱ्याच्या हातात खोट नव्हती. पण तिथं रोज बसणाऱ्या एकाही माणसाचा हात त्याला लागला नव्हता. आणि मी आलो असतो तरी हेच झालं असतं, कारण माझा धंदाच असा आहे की काम उरकून निघायचं. एएमसी (वर्षभराचा देखभालीचा करार) घेतली तरी दुकानातनं पोरगं तुमच्याकडं पोचायला दुपार होते, तोवर बॅच गेलेली असते.

म्हणून पोरांना घ्या. 'कमवा आणि शिका' म्हणून भाऊराव पाटलांनी शेजारच्या साताऱ्यात पोरांना शेतात काम करून शिकायला लावलं, आज कितीतरी कॉलेजांत ती योजना आहे, आणि पोरं त्यात काय करतात? लायब्ररीतली पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात, ऑफिसात झेरॉक्स काढतात. वाईट नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटरच्या पोरांना त्याच योजनेत लॅब द्या की. ताशी मानधन तेच. तिकडं ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय त्यांना पेपराला असतो, पार्टिशन म्हणजे काय, बूटलोडर म्हणजे काय, फाइल सिस्टिमचे प्रकार लिहा, पाच मार्क. पाठ करून लिहितात. ज्यानं आयुष्यात एकदा पण मशीन फॉरमॅट केलेलं नाही तो बूटिंग प्रोसेसची आकृती काढून मार्क घेऊन जातो आणि वर्षभरानं माझ्याकडं नोकरी मागायला येतो. सर, मी त्याला पेन ड्राइव्ह देतो आणि म्हणतो हे मशीन बूट करून दाखव, तर पोरगं बायोसमध्ये कसं जायचं विचारतं. पोराची काही चूक नाही त्यात, लॅबमध्ये त्यानं एफ२ दाबलं असतं तर बाहेर काढला असता त्याला.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून एसटीच्या पासवर येणारी पोरं आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांकडं घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइलवर कोडिंगचं अ‍ॅप टाकून बसतात बिचारी. त्यांना मशीन उघडून बघायची संधी मिळणार ती तुमच्याच लॅबमध्ये, दुसरीकडं कुठं मिळणार? आणि तिथंच बोर्ड, कृपया सिस्टिम सेटिंग बदलू नये.

मदत पाहिजे तर लांब जायला नको, विश्रामबागला वालचंद कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, ती पोरं वर्कशॉप घेतात, त्यांना विचारा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे, लिबरऑफिसचे धडे चक्क मराठीत आहेत, फुकट. लॅब असिस्टंट मंडळींनो, हे तुमच्यासाठी सांगतोय, रोज एक धडा बघितला तरी महिन्यात कमांड लाइनची भीती जाईल.

आता कसं करायचं. ही काय नियमावली नाही, दुकानात जे जे फसताना बघितलंय ते सांगतोय.

सगळ्यात आधी विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलचं वेळापत्रक बघा, परीक्षा होऊन जाऊ द्या मगच हात घाला. आणि सगळ्या लॅब एकदम नको, एकच घ्या, त्यातल्या मागच्या रांगेपासून सुरुवात करा. महिनाभर पोरांना त्यावर बसू द्या, काय काय अडतंय ते एका वहीत लिहायला लावा, मशीनला दोरीनं बांधलेली वही, साधी. ती वहीच पुढं तुमचं मॅन्युअल.

एक मशीन नीट तयार झालं, सगळी सॉफ्टवेअर, मराठी कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर, सगळं, की त्याची क्लोनझिला या फुकटच्या सॉफ्टवेअरनं इमेज (सगळ्या डिस्कची हुबेहूब कॉपी) काढा आणि बाकीच्यांवर नेटवर्कनं सोडा. प्रत्येक मशिनवर हातानं टाकत बसलात तर प्रत्येक मशीन वेगळं होतं आणि मग कुठल्यावर काय आहे कुणालाच आठवत नाही. फक्त क्लोन केल्यावर प्रत्येकाचं नाव आणि मशीन-आयडी बदला, नाहीतर कधीकधी दोन मशिनला एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळून नेट गंडतं आणि सगळे वायरला दोष देत बसतात. इमेजची एक कॉपी कॉलेजच्या वरच्या मजल्यावर कपाटात ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभाग, मारुती चौक, स्टँडचा परिसर पाण्याखाली होता, पाणी उतरल्यावर लोकांनी माझ्याकडं जी मशिनं आणली ती बघितली असतीत तर हे वेगळं सांगावं लागलं नसतं. तळमजल्यावर लॅब आहे त्यांनी तर हसू नये.

नेटवरनं अपडेट करताना सगळी मशिनं एकाच वेळी तेच पॅकेज ओढतात आणि ऑफिसचं नेट बसतं, मग ऑफिसातनं माणूस येतो, बंद करा तुमचं ते. त्याला उपाय आहे, एका मशिनवर अ‍ॅप्ट-कॅशर टाकून ठेवायचा, एकदा उतरलेलं पॅकेज बाकीच्यांना तिथनंच मिळतं. सरांना सगळ्यांचे स्क्रीन बघायचे असतील, तास चालू असताना लॉक करायचे असतील तर एपॉप्टीस म्हणून एक आहे, ते पण फुकट.

पोरांचं लॉगिन कसं ठेवायचं यावर मात्र तुम्ही बसून ठरवा. मिंटमध्ये गेस्ट सेशन चालू करता येतं, पोरगं लॉग आउट झालं की त्याचं सगळं पुसलं जातं, मशीन कायम स्वच्छ. पण मग अर्धा तास टाइप केलेला प्रोग्रॅम पण पुसला जातो आणि लाइट गेली तर काय बोलूच नका. माझं मत म्हणाल तर पहिल्या वर्षाला गेस्ट, दुसऱ्या वर्षापासून प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट. अ‍ॅडमिनचा पासवर्ड एका माणसाकडं नको, दोघांना माहीत पाहिजे आणि तिसरा सीलबंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात.

जुन्या मशिनचा सीमॉसचा सेल (मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा) बघा, सीआर २०३२, नाण्याएवढा असतो. तो गेला की तारीख मागं जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला सुरक्षित नाही म्हणून ओरडतो, महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म उघडत नाही, आणि पोरं म्हणतात लिनक्समुळं झालं. नाव लिनक्सचं, दोष सेलचा. हा सेल बदलायला माझ्याकडं यायची पण गरज नाही, स्क्रू ड्रायव्हर आणि एक पोरगं बास.

आता टर्बो सी. इथं सरांना राग येईल, येऊ दे. निळ्या स्क्रीनचं ते टर्बो सी प्लस प्लस नव्वदीच्या सुरुवातीचं आहे, तुमच्या वर्गातल्या पोरांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच १९९८ ला आलं, म्हणजे टर्बोला ते माहीत असायचं कारणच नाही. त्यात इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा, आजच्या जीसीसीवर चार बाइटचा. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सगळ्या जर्नलमध्ये असतो, तो इंट घेऊन टर्बोवर चालवून ८ चं फॅक्टोरियल काढा, यायला पाहिजे ४०३२० आणि येतं उणे २५२१६. पोरगं तेच जर्नलला चिकटवतं, सही होऊन येते. जीसीसीवर तोच प्रोग्रॅम १२ पर्यंत बरोबर येतो, १३ ला तो पण गंडतो, आणि का गंडतो हे सांगण्यात खरा एक तास जाईल असला मस्त विषय आहे तो. क्लरस्कर आणि गेटसीएच ही टर्बोतली फंक्शनं पाठ करून पोरगं पुण्याला इंटरव्ह्यूला जातं आणि तिथला साहेब त्यानं लिहिलेला कोड बघून विचारतो, हे कुठलं?

मला कळतं, सरांची अडचण खरी आहे. नोट्स त्यावर, पुस्तकं त्यावर, एक्स्टर्नलनाही तेच पाहिजे. म्हणून भांडण नको, डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा) लिनक्सवर पण चालतो, त्यात टर्बो ठेवा ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी. आणि शेजारी जीसीसी वापरणारं कोडब्लॉक्स ठेवा. दोन्हीवर तोच प्रोग्रॅम चालवून बघायला सांगा, पोरं स्वतःच ठरवतील.

कॉमर्सची लॅब मात्र हलवू नका. टॅली विंडोजवरच चालतं, वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर) वगैरे लावून लिनक्सवर ओढायचा नाद करू नका, परीक्षेच्या दिवशी दगा देईल. आणि पोरांना टॅली आलंच पाहिजे, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर किंवा सीएच्या ऑफिसात उद्या नोकरीला उभं राहिल्यावर दुसऱ्या कुठल्या फुकटच्या सॉफ्टवेअरला कोण विचारत नाही. तसंच ऑटोकॅडवाल्यांचं आणि ऑफिसातल्या डिजिटल सहीच्या टोकनचं. अशा मशिनवर ओरिजिनल विंडोज ठेवा, वर सांगितलेले जादा अपडेट घ्या, आणि नवीन मशीन घ्यायला जे काही बजेट असेल ते इथंच घाला. सगळीकडं लिनक्सच असा हट्ट धरला की याच एका कारणावरनं सगळी योजना परत फिरते, बघितलंय.

मराठीचं जरा सांभाळून. ऑफिसातल्या जुन्या नोटिसा, दाखल्यांचे नमुने, सगळं आयएसएम नाहीतर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये पडलंय, सुरेख, योगेश वगैरे. युनिकोड नसलेली ती फाइल लिनक्सवर उघडली की नुसती किडामुंगी दिसते, आणि क्लार्क मॅडम म्हणणार फाइल खराब झाली. खराब नाही, फॉन्ट नाही. त्या फाइली एकदाच काय त्या युनिकोडमध्ये करून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालनं घाला, तिथं हमखास घोळ होतो. लिनक्सवर आयबस या टायपिंगच्या सोयीत इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, फोनेटिक पण आहे. ज्या पोरांना टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसायचंय त्यांना मात्र परीक्षेत जे असतं तोच कीबोर्ड आणि तेच सॉफ्टवेअर लागतं, त्यांच्यासाठी दोन-चार विंडोजची मशिनं ठेवा, उगाच तत्त्वासाठी त्यांचं नुकसान नको.

खरेदी समितीला एक सांगायचंय. लॅब जुनी झाली म्हणून सगळी निर्लेखनात काढून नवीन घ्यायचा प्रस्ताव कुणीतरी आणेल, कदाचित आमच्याच लाइनमधला कुणी आणेल, सोबत तीन कोटेशनं पण तोच आणून देईल (ती कशी येतात ते तुम्हाला माहीत आहे आणि मला पण). त्याआधी एका जुन्या मशिनला एसएसडी आणि मिंट टाकून समितीसमोर चालू करून दाखवायला सांगा. बघून मग ठरवा. पॉवर सप्लाय गेलेली, मदरबोर्डचे कपॅसिटर फुगलेली मशिनं खुशाल काढा, ती माझ्याकडं पण आणू नका.

माझ्याकडनं काय पाहिजे असेल तर सांगतो. एसएसडी, रॅम, सेल, वायर असलं सामान लागेल ते बिलानं घ्या, कुठल्याही दुकानातनं घ्या. पोरांना मशीन उघडून दाखवायला एखाद्या शनिवारी बोलावलंत तर येईन, त्याचे पैसे नको. पण ओएस मी टाकणार नाही. पोरं टाकतील, मी मागं स्टुलावर बसून चहा पिईन.

आपला,
विश्रामबागेतला एक दुकानदार

ता. क. ऑफिसात, लायब्ररीत, सगळीकडं असतो तो छोटा जुना लेझर प्रिंटर, त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवताना जाम घाम निघतो. नेमका तोच बोनाफाईड आणि टीसीला लागतो. तर पहिल्या मशिनवर काही टाकायच्या आधी तो लावून टेस्ट पेज काढून बघा, निघालं नाही तर त्याला विंडोजच्या मशिनवरच राहू द्या आणि तिथनं नेटवर्कवर शेअर करा. अ‍ॅडमिशनच्या गर्दीत हे कळलं तर खिडकीबाहेरची पालकांची लाइन तुम्हालाच आवरावी लागेल.